चष्मा कागदावर

अण्णा कागद वाचून संपवायचे, चष्मा काढायचे, त्याच्या काड्या मिटायचे आणि तो त्याच कागदावर ठेवून समोरच्या माणसाला म्हणायचे, "आता तुमी मला सांगा."

चष्मा कागदावर बसला की कागद बंद. अण्णांना आता एक अक्षर दिसत नसे, आणि समोरच्यालाही त्यात डोकावून उत्तर शोधता येत नसे. मधे उरायची ती फक्त दोन माणसं. एकानं वाचलेलं, दुसऱ्यानं ऐकलेलं. ऐकणाऱ्याला काय कळलं ते त्याच्या तोंडून बाहेर पडेपर्यंत अण्णांचा हात शिक्क्याकडे जायचा नाही.

बेळगावच्या कोर्टात ते बेंच क्लार्क होते. नाव सांगत नाही. छापलेलं त्यांना आवडलं नसतं. गाव निपाणीकडचं, घरात कन्नड, बाजारात मराठी, साहेबांशी लागेल तेवढी इंग्रजी. सगळं कोर्ट त्यांना अण्णा म्हणायचं, म्हणून मीही म्हणते. आणि तो शिक्का म्हणजे काय, तेही सांगून टाकते. साक्षीदाराची जबानी असो की दोन पक्षांतली तडजोड, कागदाच्या शेवटी एक रबरी शिक्का बसतो. त्याचा अर्थ एवढाच, की हे संबंधित माणसाला वाचून दाखवलं, त्याला समजलं, आणि त्यानं ते बरोबर म्हणून मान्य केलं. शिक्का दोन सेकंदांत बसतो. समजायला किती वेळ लागतो, ते शिक्क्यावर लिहिलेलं नसतं.

तुम्ही कधी कोर्टात गेला असाल तर तुम्हीही पाहिलं असेल. वाचणारा भरभर वाचतो, ऐकणारा मान हलवतो, कारण न हलवायची भीती वाटते. अण्णांकडे नुसत्या मानेनं भागत नसे.

"आता तुमी मला सांगा."

"म्हंजे... जमीन माझी ऱ्हाती, न्हवं?"

"कुठली जमीन?"

"सगळी."

"मग परत ऐका." आणि चष्मा पुन्हा नाकावर.

एकदा एक न्यायाधीश साहेब वैतागले. नवीन बदलून आलेले, समोर साठ प्रकरणं. "अजून किती वेळ लावणार?" अण्णा उभे राहिले. "साहेब, पाच मिनिटं. ह्यांची वीस वर्षं गेल्यात." साहेबांनी पेन खाली ठेवलं आणि पाणी मागवलं. पुढं त्या साहेबांची बदली झाली, तेव्हा निरोपाचा कागद त्यांनी वाचला आणि आपला चष्मा काढून त्यावर ठेवला. सगळं कोर्ट हसलं. अण्णा तेवढे हसले नाहीत. त्यांना वाटलं, साहेब आता खरंच सांगणार.

आणि हे मराठी-कन्नडचं भांडण आहे असं समजू नका. हुक्केरीकडचा एक म्हातारा कन्नड शेतकरी होता. कागद कन्नडमध्ये, वाचणारा कन्नड, ऐकणारा कन्नड. अण्णांनी चष्मा ठेवला, तर म्हातारा त्यांच्याकडे बघत राहिला आणि शेवटी त्याच्या भाषेत म्हणाला, "हे कुठल्या गावचं कन्नड?" अण्णा बाहेर येऊन मला म्हणाले, "वकीलबाई, भाषा कुठलीबी असूंदे. कागदाची भाषा वेगळीच असती बघा. ती कुणाच्याच घरात बोलत न्हाईत."

घरीही तेच. त्यांच्या बायकोनं, आमच्या काकूंनी, बाजारातून काय आणायचं ते सांगितलं की अण्णा दारात थांबून सगळं परत म्हणून दाखवायचे. काकू म्हणायच्या, "घरात शिक्का मारायचा न्हाय हं. जावा आता."

ही सवय त्यांना जन्मापासून नव्हती. ती माझ्यामुळे लागली. कंग्राळीच्या एका बाईच्या विहिरीजवळच्या तुकड्यापायी लागली. त्या वेळी मी काय चीज होते, ते सांगायला मला आता जरा मजा येते आणि बरीचशी लाजही वाटते.

मी तेव्हा सत्तावीस वर्षांची. काळा कोट, कडक कांजीची पांढरी साडी, मानेवर घट्ट अंबाडा. कोर्टाच्या आवारात बायका वकील दोनच, त्यातली एक मी, त्यामुळे चालताना जमीन जरा माझ्या उपकाराखाली असल्यासारखे पाय टाकायचे. माझं इंग्रजी असं होतं की एक वाक्य सुरू केलं की पान उलटल्याशिवाय संपायचं नाही. 'वर नमूद केल्याप्रमाणे', 'खाली वर्णन केलेल्या', 'त्यातील व त्यासंबंधीचा सर्व हक्क' ही माझी दागिन्यांची पेटी. साधं वाक्य लिहायची मला भीती वाटायची. कुणाला वाटेल, हिला एवढंच येतं. टायपिस्ट म्हणायचा, "मॅडम, पूर्णविराम कुठं देऊ?" आणि मी त्याच्याकडे दयेनं बघायचे.

कंग्राळीची आक्का माझी पक्षकार. वय पस्तिशीचं, नवरा लवकर गेलेला, माहेरी परतलेली. दोन धाकटे भाऊ. वाटणीचा दावा चालू होता, मग घरच्यांनी बसून मिटवलं. आक्का तीन जमिनींवरचा हक्क सोडणार आणि विहिरीजवळचा तुकडा तिच्याकडे राहणार. त्या तुकड्यात ती मेथी, कोथिंबीर, नवलकोल काढायची आणि पहाटे डोक्यावर बुट्टी घेऊन बेळगावच्या बाजारात यायची. चौथीपर्यंत शिकलेली, सही झोकात करायची. मला म्हणाली होती, "वकीलबाई, बाकीचं भावास्नी जाऊंदे. विहिरीकडचं तेवढं माझं ऱ्हाऊंदे. तेवढ्यावर मी जगतो." आमच्याकडे बायका 'जगतो, जातो' असंच म्हणतात.

तडजोडीचा कागद मी केला. साडेतीन पानं, देखणी. शेवटी जमिनींची यादी जोडायची होती. मी दाव्यातली जुनी यादी तशीच उतरवली. त्या यादीत चार जमिनी होत्या. चौथी, विहिरीजवळची. आणि वर माझ्या दागिन्यांनी मढवलेलं वाक्य होतं: खाली वर्णन केलेल्या सर्व मिळकतींवरील हक्क ती सोडत आहे.

सुट्टी लागायच्या आधीचा शेवटचा दिवस. साहेब उठायच्या घाईत. अण्णा कागद हातात घेऊन म्हणाले, "वाचून दाखवायला लागतंय, वकीलबाई."

"मी माझ्या पक्षकाराला सगळं समजावलंय," मी म्हटलं. "मारा शिक्का."

"तरीबी..."

"माझ्यावर विश्वास नाही का?"

आक्काकडे त्यांनी एकदा पाहिलं. आक्कानं माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. अण्णांनी शिक्का मारला.

जूनमध्ये पेरणीच्या वेळी धाकट्यानं विहिरीभोवती काट्यांचं कुंपण घातलं. आक्का कागदाची प्रत पदराखाली धरून माझ्या घरी आली. "ह्यात काय लिवलंय, वकीलबाई?" मी वाचलं. चौथी ओळ वाचली आणि कागद मिटून तिच्या हातात दिला. तिला काय म्हणाले माहीत आहे? म्हटलं, "बघूया. तांत्रिक बाब आहे."

तांत्रिक बाब! त्या दोन शब्दांमागं मी आठ दिवस लपून बसले. सीनियर वकिलांकडे गेले. ते म्हणाले, "चूक झाली असं कागदावर कधी लिहायचं नाही. नवीन आहेस. नाव जाईल." मला ते ऐकायचंच होतं.

रविवारी सकाळी अण्णा दारात. आक्का त्यांच्याकडे गेली होती. शिक्का त्यांचा म्हणून तिला वाटलं, कागदही त्यांचाच असणार. आईनं चहा ठेवला. अण्णा खुर्चीच्या कडेवर बसले, घरच्या शर्टात ते मला लहान वाटले.

"मी न वाचता शिक्का मारला," ते म्हणाले. "साहेबांना तसं लिहून देतो."

"अण्णा, तुमची नोकरी..."

"जाईना. तुमी काय लिवता ते सांगा."

त्यांच्या त्या बसण्यानं मला लाज आणली असेल, किंवा आत स्वयंपाकघरात आई ऐकते आहे या भीतीनं. मी कागद घेतला आणि प्रतिज्ञापत्राचा मसुदा लिहिला. लिहिताना पुन्हा तीच पेटी उघडली. अनवधानानं सदर यादीत एक विसंगती शिरली असून, ती नजरेतून सुटली असल्याचं निदर्शनास आलं आहे, वगैरे. चूक म्हणजे जणू बाहेरून चालत आली, कुणालाही न विचारता यादीत शिरली आणि पाय पसरून बसली. ती कुणी केली, याचा त्यात पत्ताच नव्हता.

मी वाचून दाखवलं. अण्णांनी माझ्या हातून कागद घेतला, टेबलावर ठेवला. चष्मा काढला, काड्या मिटल्या, त्या कागदावर ठेवला. तोवर मी त्यांना असं करताना कधी पाहिलं नव्हतं. कुणीच पाहिलं नव्हतं.

"आता तुमी मला सांगा."

"काय सांगू? लिहिलंय की सगळं."

"माझा चष्मा ठेवलाय. सांगा."

मी चहाचा कप बाजूला सरकवला. मग म्हटलं, "यादी उतरवताना मी लक्ष दिलं नाही. घाई केली. तिला वाचून दाखवलंच नव्हतं. तुम्हाला खोटं सांगितलं. मी चुकले."

"मग हेच लिवा की," अण्णा म्हणाले.

तेच लिहिलं. आठ ओळी. माझ्या आयुष्यातला पहिला कागद, जो आईला कळला.

यादी दुरुस्त करून मागायचा अर्ज सोपा गेला नाही. भावांच्या वकिलांनी जोरदार विरोध केला. त्यांच्या वाक्यांत मला माझाच आवाज ऐकू यायचा. दोन वर्षं तारखा पडल्या. शेवटी साहेबांनी थोरल्या भावाला पुढं बोलावून सरळ विचारलं, घरात बसून काय ठरलं होतं? तो आधी वकिलांकडे बघत राहिला, मग बहिणीकडे. म्हणाला, "विहिरीकडचं आक्काचंच ठरलंतं, साहेब." धाकटा खाली बघत बसला. तुकडा आक्काला परत मिळाला. धाकट्यानं पुढं कित्येक वर्षं तिच्याशी बोलणं टाकलं. ते मात्र कुठल्या अर्जानं परत आणता आलं नाही.

माझं नाव काही गेलं नाही. बार रूममध्ये चार दिवस हशा झाला एवढंच. अण्णांना मात्र लेखी ताकीद मिळाली आणि बढती लांबली. त्यावर ते कधी बोलले नाहीत. शिक्का मारण्याआधी चष्मा काढायला लागले, ते रिटायर होईपर्यंत.

माझी नात बेंगळुरूला कायदा शिकते. मागच्या वर्षी तिनं फोनवर मला तिचा निबंध वाचून दाखवला. घटनेची सत्ता, लोकशाही, आणि तज्ज्ञांची भाषा सामान्य माणसाला त्या सत्तेपासून कशी बाहेर ठेवते, असा विषय. तिची भाषा अशी होती, की दुसऱ्याच पानावर मी स्वतः बाहेर पडले. संपल्यावर ती उत्सुकतेनं म्हणाली, "कसा वाटला, आजी?" म्हटलं, "कागद उलटा ठेव आणि आता तू मला सांग."

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला. मग ती अडखळत म्हणाली, "म्हणजे बघ... घटना सुरू होते ती 'आम्ही लोक' म्हणून. लोकांनी स्वतःला कायदा दिला असं आपण म्हणतो. पण तो ज्यांना वाचता येतो, ते मोजकेच. मग उरलेल्यांच्या नावानं सही कोण करतं?"

"हे लिहिलंयस का निबंधात?"

"असं नाही लिहिता येत, आजी. मार्क जातील."

मी हसले. आमच्या घराण्यातच आहे ते.

त्याच सुमारास कंग्राळीत नोटिसा आल्या. शहराबाहेरून मोठा रस्ता जाणार, त्यात शेतं जाणार. आक्का आता पंचाहत्तरीची. विहिरीजवळचा तुकडा जातो की राहतो, हे तिला त्या नोटिशीवरून कळेना. खरं सांगायचं तर मलाही कळेना. नकाशातल्या रेघा आणि आकडे यांची माझ्या वेळच्या इंग्रजीपेक्षा दाट गुंतवळ होती. गावच्या समुदाय भवनात सुनावणी ठेवली होती. मी आक्काबरोबर गेले, आणि तिनं अण्णांनाही निरोप पाठवला. ऐंशीचे अण्णा काठी टेकत रिक्षातून उतरले.

अधिकारी तरुण होता, वागायला चांगला. भिंतीवर चित्र पाडून त्यानं अर्धा तास समजावलं. त्यात सगळं होतं, फक्त कंग्राळी नव्हती. शेवटी म्हणाला, "काही हरकती असतील तर सांगा." दोनशे माणसं गप्प. त्याचा कारकून लिहायला लागला, की सर्वांना माहिती देण्यात आली.

अण्णा उठले. शेजारच्या माणसाला म्हणाले, "आता तुमी मला सांगा. साहेब काय बोलले?"

"रस्ता हाय म्हणले."

"कुठनं जातोय?"

"ते न्हाय कळलं."

त्यांनी आणखी दोघांना विचारलं. मग आक्काला. आक्का म्हणाली, "माझी हीर कुठं हाय त्या चित्रात, तेवढं दावा मला." कुणाला दाखवता येईना.

अण्णा अधिकाऱ्याकडे वळले. "साहेब, कागदावर लिवा. वाचून दाखवलं, समजलं न्हाय."

अधिकारी हसला. "आजोबा, असं लिहायची पद्धत नाही."

"मग आज सुरू करा."

एकदा एका कागदावर मी अण्णांना एकटं पाडलं होतं. या वेळी मी उठून उभी राहिले. म्हटलं, "लिहा साहेब. वकील म्हणून खाली मी सही करते." मग मागून एक हात वर आला, मग आणखी. अधिकाऱ्यानं चित्राकडे पाहिलं, माणसांकडे पाहिलं आणि कारकुनाला म्हणाला, "लिहून घे." पुढची तारीख पडली. पुढच्या वेळी मराठी आणि कन्नडमध्ये साधा कागद देऊ, नकाशात विहिरी, घरं, वाटा दाखवू, असं त्यानं कबूल केलं.

परत जाताना रिक्षात अण्णा म्हणाले, "चाळीस वर्षं एकच शिक्का मारला, वकीलबाई. दुसरा पण पाहिजेल होता."

त्यांना पुढची तारीख मिळाली नाही. महिन्याभरातच दवाखान्यात नेलं. मी भेटायला गेले तेव्हा काकू बाहेर बाकावर बसल्या होत्या. त्यांनी सांगितलं, डॉक्टरांनी अण्णांपाशी बसून सगळं समजावलं, रिपोर्ट वाचून दाखवला. अण्णांनी तो हातात घेतला आणि सवयीनं चष्मा काढून त्यावर ठेवला. पण या वेळी डॉक्टरांना सांगायला लावलं नाही. स्वतःच म्हणाले, "थांबा, मी सांगतो. म्हंजे आता औषधानं काय व्हायचं न्हाय. घरला न्यायचं." डॉक्टरांनी मान हलवली.

"बरोबर?" अण्णांनी विचारलं होतं.

"बरोबर," डॉक्टर म्हणाले.

घरी नेल्यावर अण्णा पाच दिवस होते.

दुसऱ्या सुनावणीला मी लवकर गेले. कुणी सांगितलं नव्हतं तरी पुढच्या रांगेतली कडेची खुर्ची रिकामी ठेवलेली होती. अधिकाऱ्यानं शब्द पाळला होता. कागद साधा होता, नकाशात विहिरी निळ्या ठिपक्यांनी दाखवल्या होत्या. रस्त्याची रेघ आक्काच्या ठिपक्यावरूनच जात होती. या वेळी सगळ्यांना कळलं, म्हणून या वेळी सगळे बोलले.

आक्काची पाळी आली. ती हळू उठली. विहीर कुणी खणली, तिला उन्हाळ्यात किती पाणी असतं, त्या पाण्यावर शेजारची कुणाकुणाची शेतं भिजतात, रस्ता जरा वरच्या माळावरून नेला तर कुणाचंच पीक जात नाही, तिथं नुसता दगड आहे, हे सगळं तिनं सांगितलं. दहा मिनिटं बोलली. कारकुनानं एक ओळ लिहिली. मी बसल्या जागेवरून वाचली: अर्जदाराचा विरोध नोंदवला.

आक्कानंही ती बघितली. चौथी शिकलेली बाई. वाचायला वेळ लागला, पण वाचली. मग तिनं आपला जाड भिंगांचा चष्मा काढला, पदरानं पुसला, काड्या मिटल्या आणि पुढं होऊन तो त्या ओळीवर ठेवला.

"सायेब," ती म्हणाली, "मी काय बोललो, ते आता तुमी मला सांगा."

अधिकाऱ्यानं चष्म्याकडे पाहिलं, मग रिकाम्या खुर्चीकडे. घसा साफ केला.

"तुमचं म्हणणं असं आहे की... विहीर वाचावी."

"न्हाय," आक्का म्हणाली. "माळाचं ऱ्हायलं. परत ऐका."

आणि ती पहिल्यापासून सांगायला लागली.